पाणी कुणाच्या मापाने शुद्ध?

खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संस्था उभी राहिल्यापासून पनवेल परिसराला एक नव्या प्रकारचा रहिवासी लाभला आहे. बंगाल, बिहार, आसाम किंवा आपल्याच विदर्भ-मराठवाड्यातून तो येतो, एखादी खोली भाड्याने घेतो, काही महिने उपचार घेतो आणि परत जातो. येथील मतदारयादीत त्याचे नाव नसते, त्यामुळे त्याच्या गाऱ्हाण्याला वजनही नसते. तथापि तो आपल्याच नळाचे पाणी पितो; आणि ते पाणी त्याला पचेल काय, हा प्रश्न आपल्या नागरी चर्चेत क्वचितच उपस्थित होतो.

भारतातील पहिले अस्थिमज्जारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले. त्या वेळी जो चमत्कार वाटला, तो उपचार आज खारघरलाही होतो. परंतु या उपचारांची एक किंमत असते. कर्करोगाच्या पेशी मारणारी औषधे रक्तातील पांढऱ्या पेशींनाही सोडत नाहीत. मूत्रपिंडरोपण झालेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती तर मुद्दाम दाबून ठेवावी लागते. दमा, संधिवात, त्वचारोग यांसाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांची आणि एच.आय.व्ही.बाधितांची स्थितीही कमीअधिक प्रमाणात हीच. वैद्यकशास्त्र जसजसे यशस्वी होत आहे, तसतशी अशा जिवंत राहिलेल्या, पण दुबळ्या झालेल्या माणसांची संख्या वाढत आहे.

क्लोरीनला न जुमानणारा शत्रू

या माणसांना जीवाणू-विषाणूंइतकेच भय परोपजीवी जंतूंचे असते. क्रिप्टोस्पोरिडियम हा त्यांपैकी एक एकपेशीय जंतू. बाधित माणसाच्या व वासरांच्या विष्ठेतून तो बाहेर पडतो आणि पाण्यातून पुन्हा पोटात जातो. त्याच्याभोवती कठीण कवच असते; नळाच्या पाण्यात घातल्या जाणाऱ्या क्लोरीनने तो मरत नाही. धडधाकट माणसाला त्यापासून आठ-पंधरा दिवस जुलाब होतात आणि तो आपोआप बरा होतो. प्रतिकारशक्ती ढासळलेल्या माणसाला मात्र हेच जुलाब महिनोन् महिने झिजवतात. त्याच्यासाठी खात्रीचे औषध नाही. प्रतिकारशक्ती परत येणे हाच खरा उपाय. भारतात एच.आय.व्ही.चा शोध १९८६ साली लागला. १ एप्रिल २००४ पासून मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासह मोजक्या केंद्रांत शासनाने मोफत औषधोपचार सुरू केला, त्यामुळे अनेकांचे प्राण वाचले. त्यापूर्वी एड्सच्या रुग्णांना खंगवून मारणाऱ्या कारणांत असे जुलाब हे एक मोठे कारण होते.

हा धोका केवळ गरीब देशांचा आहे, अशी कोणी समजूत करून घेऊ नये. १९९३ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात जलशुद्धीकरण केंद्र चालू असताना, क्लोरीन पडत असताना, हा जंतू नळातून घरोघर पोचला. चार लाखांवर लोक आजारी पडले. बहुसंख्य बरे झाले. जे दगावले, त्यांत प्रामुख्याने एड्सचे रुग्ण होते. पाणी सर्वांना एकच मिळाले होते.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांवर केमोथेरपी चालू होती. कुटुंब गावाहून येऊन एका खोलीत राहत होते. इमारतीला टँकरचे पाणी येई, ते गच्चीवरील टाकीत पडे. पिण्याचे पाणी उकळत. पण दात घासणे, फळे धुणे, औषधानंतरची चूळ हे सारे टाकीच्याच पाण्याने. जुलाब सुरू झाले. पहिल्या दोन तपासण्यांत काहीच आढळले नाही, कारण या जंतूसाठी विष्ठेची वेगळे रंगद्रव्य वापरून तपासणी करावी लागते आणि ती कोणी सुचवलीच नव्हती. तिसऱ्या वेळी निदान झाले. तोपर्यंत केमोथेरपीचे आवर्तन तीन आठवडे लांबले होते. अधिक महिन्याचे भाडे, मुलाच्या बुडालेल्या तासिका, आईची गेलेली मजुरी आणि उपचारात पडलेला खंड हा खर्च कोणत्याही पाणीपट्टीच्या हिशेबात दिसत नाही. अर्थशास्त्र शिकवणारा मी, बाह्य परिणामांची व्याख्या फळ्यावर दरवर्षी लिहितो. तिचे मोल मला त्या खोलीत कळले.

दुसरा परोपजीवी याहून कपटी आहे. स्ट्राँजिलॉइडिस नावाचा हा बारीक कृमी दूषित मातीतून अनवाणी पायांच्या त्वचेवाटे शरीरात शिरतो आणि आतड्यात पिढ्या वाढवीत दशकानुदशके निमूट राहू शकतो. चिखलात भातलावणी करणाऱ्या आपल्या कोकणात अनवाणी पायांचे अप्रूप नाही. अशा माणसाला स्टेरॉइड मिळाले की तोच कृमी शरीरभर पसरून जीव घेऊ शकतो. कोविडच्या काळात स्टेरॉइडचा वापर वाढला, तेव्हा वैद्यकीय नियतकालिकांतून याविषयी इशारे दिले गेले. स्टेरॉइड चिठ्ठीशिवाय विकू नये असा कायदा आहे. प्रत्यक्षात सांधेदुखीवर ‘गुणकारी’ पुड्या कोण किती विकतो, हे वाचकांस सांगावयास नको.

सरासरीचा भ्रम

यावर एक आक्षेप घेतला जाईल. पाण्याची तपासणी होते, ते प्रमाणित आहे. मूठभर रुग्णांसाठी सगळ्या शहराचा खर्च का वाढवावा? आक्षेप वरवर सयुक्तिक आहे. परंतु नेहमीची तपासणी कोलिफॉर्म जीवाणूंची असते. क्लोरीनने जीवाणू मेले म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियमही मेला, असे होत नाही. त्याला अडवते ते उत्तम गाळण. शिवाय सरासरी नागरिक नावाचा मनुष्य अस्तित्वात नसतो. नदीची सरासरी खोली तीन फूट आहे म्हणून लहान मुलाला तीत कोणी उतरवीत नाही. आणि आज धडधाकट असलेले आपण उद्या वार्धक्य, मधुमेह वा कर्करोग यांच्या वाटेने त्याच मूठभरांत जाणार आहोत.

पनवेलला नगरपालिका १८५२ साली आली, महानगरपालिका २०१६ साली. स्वतःच्या मालकीचे देहरंग धरण असलेले हे गाव. पण धरण गाळाने भरले आणि वस्ती वाढत गेली. उन्हाळ्यात पाणी मोजून येते. खंडित पुरवठ्यात नळ रिकामे होतात तेव्हा फुटक्या जोडातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. मग ज्याला परवडते तो घरात शुद्धीकरण यंत्र बसवतो आणि सार्वजनिक प्रश्नातून अंग काढून घेतो. ज्याला परवडत नाही त्याने पाणी उकळावे. माझ्या हिशेबाने रोज दहा लिटर पाणी उकळण्यास महिन्याला तीन ते साडेतीन किलो गॅस लागतो, म्हणजे सिलिंडरचा जवळजवळ चौथा हिस्सा. वस्तुतः हा पाण्यावरचा एक अप्रत्यक्ष करच होय, आणि तो सर्वांत जड पडतो तो भाड्याच्या खोलीतील रुग्णाला.

नारूचा धडा

हे सारे अटळ आहे काय? वडीलधाऱ्यांना नारू आठवत असेल. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या गावांतून तो पसरे. त्यावर लस नव्हती, औषध नव्हते. विहिरींना कठडे आले, लोकांनी पाणी गाळून प्यावयास सुरुवात केली, प्रत्येक रुग्णाचा माग घेतला गेला. १९९६ साली राजस्थानात शेवटचा रुग्ण आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला. एका परोपजीवीचे उच्चाटन केवळ पाण्याच्या शिस्तीने झाले.

तीच शिस्त आज हवी आहे. महानगरपालिका व सिडको यांनी पाण्याच्या गढूळपणाचे दैनंदिन आकडे जाहीर करावेत. कर्करोग रुग्णालयांच्या परिसरात आणि रुग्ण उतरतात त्या धर्मशाळांत उकळलेल्या पाण्याची सार्वजनिक सोय करावी. दीर्घकाळ स्टेरॉइड देण्यापूर्वी कृमींची तपासणी करण्याचा प्रघात डॉक्टरांनी पाडावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी एका शिबिरात तरी इमारतींच्या टाक्या पाहाव्यात. आणि या लेखाच्या वाचकांपैकी ज्यांनी आपली खोली रुग्णाच्या कुटुंबास भाड्याने दिली आहे, त्यांनी गच्चीवर चढून टाकीचे झाकण उघडून पाहावे. ती शेवटची कधी धुतली, हे आठवत नसेल तर या रविवारीच धुवून घ्यावी.