चाकावरची काळी भुकटी

पर्युषण जवळ आले की व्यापारी घरांत साफसफाईची लगबग सुरू होते. माळे उतरतात, डबे उन्हात जातात, दुकानातील गादीची खोळ बदलते. आणि सर्वांत शेवटी, बहुधा पर्वाच्या आदल्या संध्याकाळी, दाराशी उभ्या असलेल्या मोटारसायकलीकडे कोणाचे तरी लक्ष जाते. टाकी आणि सीट एका फडक्यात चकचकीत होतात. पुढच्या चाकाच्या ॲलॉयवर मात्र काळसर भुकटीचा थर बसलेला असतो. तो पुसला तरी आठ-दहा दिवसांत पुन्हा दिसू लागतो. मग कोणी नळीने जोराचे पाणी मारतो, कोणी रॉकेलचा बोळा फिरवतो, तर कोणी फरशीचे ॲसिड घेऊन बसतो. हे तीनही उपाय चुकीचे आहेत आणि त्यांतील एक तर जिवावर बेतणारा आहे.

ही रस्त्यावरची धूळ नव्हे. ब्रेक दाबला की कॅलिपरमधील पॅड फिरत्या पोलादी डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात. वाहनाची गती घर्षणाने उष्णतेत बदलते आणि त्या घर्षणात पॅड व डिस्क दोन्ही किंचित झिजतात. लोखंडाचे कण, कार्बन, पॅडचे मिश्रण बांधून ठेवणारी राळ असे हे झिजलेले द्रव्य तापलेल्या अवस्थेत उडते आणि चाकाच्या रंगावर चिकटून बसते. पावसाळ्यात त्यातील लोखंड गंजते, म्हणून डागांवर तांबूस छटा येते. ब्रेक लावताना वाहनाचा भार पुढे झुकतो व थांबवण्याचे बहुतेक काम पुढच्या चाकाला करावे लागते. त्यामुळे भुकटीही तेथेच अधिक. मागे ड्रम ब्रेक असेल तर त्याची भुकटी आतच साचते. ती दिसत नाही, एवढेच.

म्हणजे चाकावरचा हा थर ब्रेकच्या खर्चाचा जमाखर्चच होय, आणि वही न वाचता पाने पुसून टाकावीत, असे कोणताही व्यापारी करणार नाही. धुण्यापूर्वी चाक नीट पाहावे. मालाचे गठ्ठे लादून बाजारपेठेच्या गर्दीत दिवसभर थांबत-चालत जाणाऱ्या किंवा कात्रजचा घाट उतरणाऱ्या गाडीवर भुकटी अधिक असणारच. त्यात वावगे काही नाही. परंतु वापर तोच असताना भुकटी एकाएकी वाढली आणि थोडे अंतर चालवून आल्यावर ते चाक दुसऱ्यापेक्षा फारच तापलेले जाणवले, तर पॅड डिस्कला सतत घासत असल्याची शंका घ्यावी. भुकटीत चकाकणारे धातूचे कण दिसत असतील आणि ब्रेक लावताना करकर ऐकू येत असेल, तर पॅडवरील घर्षणाचे द्रव्य संपून त्याची धातूची पाठ डिस्कवर घासत असावी. अशी गाडी त्या दिवशी बाहेर काढू नये. भुकटी तेलकट, चिकट लागली तर कोठून तरी गळती होत आहे. तेही गॅरेजचेच काम. पॅडवर झीज दाखवणाऱ्या खाचा बहुधा असतात, त्या बुजत आल्या की पॅड बदलायचे. डिस्कची किमान जाडीही बहुतेक वेळा तिच्यावरच कोरलेली असते, पण ती वाचण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

आता धुण्याविषयी. चाक पूर्ण थंड होऊ द्यावे. तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतू नये. चातुर्मासात आरे, रिम आणि मडगार्डची आतली बाजू आधी उजेडात निरखावी. रात्रभर उभ्या गाडीत कोळी जाळे विणतो, मुंग्या आसरा घेतात. त्यांना मऊ पुंजणीने हळुवार बाजूला करावे. कोरड्या ब्रशने किंवा हवेच्या फवाऱ्याने भुकटी मात्र कदापि उडवू नये. तिच्यातील पुष्कळसे कण १० मायक्रॉनहूनही बारीक असतात, तर माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. असे कण श्वासावाटे फुप्फुसात खोलवर जातात. पूर्वी ब्रेकच्या अस्तरांत कर्करोगकारक ॲस्बेस्टॉस सर्रास असे. आजही हलक्या, निनावी सुट्या भागांत काय भरले आहे याची खात्री नसते. मागचा ड्रम उघडल्यावर त्यात फुंकर मारणाऱ्या फिटरलाही हे सांगायला हवे, मग तो हसला तरी चालेल.

एक बादली गाळलेले पाणी पुरते. ओल्या फडक्याने थर आधी भिजवावा, मग सौम्य साबणाच्या पाण्याने दुसऱ्या फडक्याने पुसावा आणि लगेच कोरडा करावा. दर आठवड्याला असे केले तर खरवडण्याची वेळ येत नाही. ॲसिडने ॲलॉयवरील रंगाचा संरक्षक थर मरतो व खालचे ॲल्युमिनियम पांढुरके पडते. जोराचे पाणी चाकाच्या बेअरिंगपर्यंत शिरून त्यातील ग्रीस धुऊन काढते.

उरले ते रॉकेल. चेन साफ करताना उडालेले रॉकेल, चेनवर मारलेला तेलाचा फवारा, टायर काळाभोर दिसावा म्हणून लावलेले पॉलिश, यांतील थोडासा अंश जरी डिस्कवर गेला आणि तेथून पॅडमध्ये मुरला, तरी ब्रेक घसरतो. गाडी चकचकीत दिसते आणि पहिल्याच उतारावर थांबत नाही. असे तेल शोषलेले पॅड पुसून सहसा सुधारत नाहीत, ते बदलावेत. प्रत्येक धुण्यानंतर मोकळ्या जागी अगदी हळू वेगात चार-सहा वेळा ब्रेक दाबून पाहावा आणि मगच रस्त्यावर जावे.

बादलीत उरलेले काळे पाणी कोठे टाकायचे, हाही विचार हवाच. मुनींसाठी सांगितलेल्या पाच समित्यांतील उत्सर्ग समिती टाकण्याच्या याच सावधगिरीविषयी आहे. हे पाणी झाडाच्या अळ्यात, शेवाळलेल्या जागी किंवा वाहत्या नाल्यात न ओतता, निर्जीव कोरडी जागा पाहून थोडे थोडे पसरावे, म्हणजे ते लवकर सुकते.

घरातील मोटारसायकल असे कोणीतरी पाहते तरी. दुकानातील मालाची गाडी मात्र बहुधा कामावरचा मुलगा चालवतो. मागे दोन गठ्ठे, पुढे पिशवी, वेळेची घाई. ब्रेक करकरतो हे त्याला सर्वांत आधी कळते, पण नव्या पॅडचा खर्च मागायचा कसा, या संकोचाने तो गप्प राहतो. तो खर्च काही शे रुपयांचा. ही नोंद मालकानेच ठेवावी: पॅड बदलल्याची तारीख आणि त्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा, दुकानाच्या खर्चवहीत, पेट्रोलच्या ओळीखाली. आणि दर सोमवारी किल्ली हाती देण्याआधी पुढच्या चाकाशी दोन मिनिटे वाकून पाहावे.