परदेशी शिक्का आणि कोपरगावची वीट

लॉस एंजेलिस आणि हार्वर्डला शिकलेल्या, मुंबईत कार्यालय असलेल्या वास्तुविशारदाचं नगर जिल्ह्यातल्या कोपरगाव तालुक्यात काय काम? समीप पडोरा यांच्या इमारतींचा विषय निघाला की हा सवाल कुठून ना कुठून येतोच. त्याच्या पोटात तीन आरोप आहेत. हे परदेशी तंत्र आहे, हे कारखानदारांच्या पैशावरचे चोचले आहेत आणि गावच्या गवंड्याच्या पदरात यातून काही पडत नाही. यातला एक आरोप निम्मा खरा आहे, म्हणून तिन्ही नीट तपासायला हवेत.

आधी तंत्राचं. कोपरगावच्या शारदा शाळेत 2018 साली माया सोमय्या ग्रंथालय उभं राहिलं. शाळेच्या जुन्या इमारती आणि कुंपण यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात विटांची एक लाट उसळावी तसं त्याचं छत जमिनीतून वर येतं आणि पुन्हा जमिनीला टेकतं. पोरं त्या छतावर चढून पलीकडे उतरतात. खाली वाचन, वर खेळ. विटेच्या पातळ फरशा आडव्या ठेवून, थरावर थर चढवून ही कमान केली आहे. सगळा भार दाबातच राहील असा आकार साधला की नेहमीच्या स्लॅबसारखं सळ्यांचं जाळं लागत नाही. आणि सळई नाही तिथे ती गंजून छताचे पोपडे पडण्याची भीतीही नाही.

ही रीत स्पेनमधल्या कॅटलोनियाची. व्हॅलेन्सियाचे राफाएल ग्वास्ताविनो 1881 साली ती अमेरिकेत घेऊन गेले आणि बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या कमानी तिच्यावर उभ्या राहिल्या. विटेच्या पातळ छतांची हीच करामत उरुग्वेच्या एलादिओ दिएस्ते यांनी पुढे आपल्या पद्धतीने केली. कोपरगावच्या छताचा आकार काढायला झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या फिलिप ब्लॉक यांच्या गटाचं ऱ्हायनोव्हॉल्ट हे सॉफ्टवेअर वापरलं. म्हणजे तंत्र परदेशी आहे, हे कबूलच. पण आक्षेप घेणारा ज्या स्लॅबखाली बसून हे बोलतो, तो कुठला? पोर्टलँड सिमेंटचं पेटंट 1824 साली इंग्लंडमध्ये जोसेफ आस्पदिननं घेतलं. आपल्या आज्यांची घरं माळवदाची होती, त्यांवर पांढरी माती होती. ती पाडून आपण स्लॅब टाकले, तेव्हा कुणी पासपोर्ट मागितला नाही. आणि हा सवाल नगरनं विचारावा याची तर गंमतच वाटते. ज्या निजामशाहीनं हे शहर वसवलं, तिचा शेवटचा मोठा कारभारी मलिक अंबर इथिओपियात जन्मला होता.

उलट बाजूला पडोरांचे कौतुक करणारे आहेत, त्यांचंही मला पटत नाही. ते 'मातीशी नाळ' वगैरे म्हणतात. कोपरगाव तालुक्यातल्या साकरवाडीचं, पडोरांनीच केलेलं जेतवन त्यांनी जवळून पाहावं. आंबेडकरी बौद्ध समाजासाठी बांधलेलं हे साधना आणि कौशल्य-शिक्षणाचं केंद्र 2016 सालचं. तिथे माती ठोकून भिंती घालायचा विचार आधी झाला होता. पण कोपरगावची माती काळी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. भिंतीला ती चालत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्यानं सांगितलं असतं. मग खडी क्रशरची डस्ट, जी खाणीत ढिगानं पडून असते, ती साच्यात ठोकून भार पेलणाऱ्या भिंती केल्या. छपराला जुनं लाकूड आणि जुनी कौलं. जागेवरचं एकही झाड तोडायचं नाही, हा दंडक होता, म्हणून खोल्या झाडांमधल्या मोकळ्या जागांत बसवल्या. छप्पर आतल्या बाजूला उतरतं आणि बाहेरच्या कडेला उंच होतं, त्यामुळे आत बसलेल्याची नजर थेट झाडांच्या पानांत जाते. यात भाबडेपणा कुठे आहे? मातीचं प्रेम बाजूला ठेवून मातीचा स्वभाव तपासला, म्हणून ही भिंत उभी राहिली.

आता पैशाचं. हा आरोप निम्मा खरा. करमशीभाई सोमय्यांनी 1939 साली गोदावरी शुगर मिल्स काढली, साकरवाडी त्याच कारखान्यामुळे नावारूपाला आली आणि दोन्ही इमारतींमागे सोमय्यांचंच पाठबळ आहे. ग्रंथालय खासगी शाळेच्या आवारात आहे, गावातल्या कुणाही पोराला सहज आत शिरता येईल अशी ती जागा नाही. हे खटकतं आणि खटकायलाच हवं. पण पाठबळाशिवाय असं काम होतच नाही, हे मात्र चूक. मावळातल्या वडेश्वर गावात पडोरांनी 2010 च्या सुमाराला शिवमंदिर बांधलं, ते गावकऱ्यांच्या श्रमदानातून आणि जवळच्याच खाणीतल्या काळ्या दगडातून. तिथे साखर कारखाना नव्हता.

गवंड्याचं दुखणं मात्र वेगळं आहे आणि त्याचं खापर पडोरांवर फोडणं सोपं असलं तरी न्यायाचं नाही. जेतवनात भुजच्या हुन्नरशाळेचे कारागीर आणि इथली माणसं एकत्र राबली. शिकलेला हात टिकतो तो दुसऱ्या कामानं, आणि दुसरं काम देणं आपल्या हातात होतं. आपण काय दिलं? क्षेत्रफळानं राज्यातला सर्वांत मोठा हा जिल्हा. अकोले तालुक्यातल्या घाटघरला पाऊस कोसळतो, जामखेड-कर्जतला टँकरची वाट पाहावी लागते. तरी शाळेच्या खोल्या दोन्हीकडे साधारण एकाच साच्याच्या. तीच स्लॅब, तोच गिलावा, एप्रिलमध्ये तीच भट्टी. परदेशी कोण, असा प्रश्न विचारायचाच असेल तर तो या साच्याला विचारावा. त्याला ना अकोल्याचा पाऊस ठाऊक, ना जामखेडचं ऊन.

पडोरांच्या कारकिर्दीत हार्वर्डपेक्षा मला जास्त मोलाची वाटते ती त्यांची एक सवय: बांधण्याआधी मोजणं. मुंबईतल्या जुन्या घरबांधणीचा त्यांनी असाच कसून अभ्यास करून ठेवला आहे. आपल्या जिल्ह्यात हे मोजण्याचं काम कुणी करायचं? लोणीत, संगमनेरला, कोपरगावात इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत. त्यांच्या शिक्षकांनी पोरांना टेप आणि वही देऊन साकरवाडीला न्यावं, भिंतीची जाडी मोजावी, डस्टचं प्रमाण विचारावं, दुपारी दोन वाजता आतलं आणि बाहेरचं तापमान टिपून घ्यावं. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागानं त्या वह्या मागवून पुढच्या एका तरी शाळेच्या अंदाजपत्रकात क्रशरच्या डस्टची भिंत धरून पाहावी. ती पडली तर मग पडोरांना खुशाल शिव्या घाला.