घरगुती यंत्रविचार : ठिणगीची वेळ

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत १९६४ पासून निघूं लागलेली फियाट पुढें ‘पद्मिनी’ या नांवानें घरोघरीं ओळखीची झाली. ३० ऑक्टोबर २०२३ नंतर मुंबईच्या टॅक्सींतून ती नाहींशी झाली. तरी कांहीं घरांच्या दारांत ती अद्याप उभी आहे. आमच्या बोरीवलीच्या घरीं ती आहे, म्हणून आजचा हा विषय.

गेल्या श्रावणांत सहकुटुंब ठाण्यास जातांना गायमुखच्या चढावर इंजिनांतून, खड्यांनीं भरलेला डबा हलवावा, तसा आवाज येऊं लागला. ‘पिस्टन गेले, इंजिन उघडावें लागेल,’ असा निकाल एका दुरुस्तीवाल्यानें दिला. खर्चाचा आंकडा ऐकून तीर्थरूपांनीं गाडी मोडींत काढण्याचें ठरविलें. तेव्हां आईनें एवढेंच विचारलें, “पंधरवड्यापूर्वीं तूं तिचें कांहींतरी बदललेंस ना रे?” मी वरमलों. डिस्ट्रिब्यूटरांतील पॉइंट मींच नवे बसविले होते.

ठिणगी पडतांच सिलिंडरांतील मिश्रण तत्क्षणीं जळून जातें, अशी आपली समजूत असते. वस्तुतः त्याला थोडा वेळ लागतो. मिनिटास ३,००० फेऱ्या होत असतां सेकंदाच्या पांचशेंव्या हिश्शांतही क्रँकशाफ्ट ३६ अंश फिरून जातो! यास्तव पिस्टन माथ्यास पोहोंचण्यापूर्वींच ठिणगी पडावी लागते. झोक्यावरील मुलाला ढकलण्यासारखेंच हें आहे : झोका मागें येत असतांनाच ढकललें, तर मनगटास हिसका बसतो, निघून गेल्यावर ढकललें, तर श्रम फुकट जातात.

ठिणगी फार लवकर पडली, तर चढावर खडखडाट होतो व सुरू करतांना इंजिन उलट हिसका देतें. उशिरा पडली, तर गाडी ओढत नाहीं, तापते आणि पेट्रोल अधिक खाते. परंतु आंत सांचलेली काजळी, मिश्रणांत कमी पडलेलें पेट्रोल किंवा पाण्याअभावीं तापलेलें इंजिन यांमुळेंही तसाच खडखडाट होतो. म्हणून आवाज ऐकतांच डिस्ट्रिब्यूटर फिरवूं नये. दुर्लक्षही करूं नये. खडखडाट तसाच चालूं दिल्यास पिस्टन खरोखरच फुटतात.

तपासणीस क्रम आहे. गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून हातब्रेक लावावा. प्रथम फीलर गेजनें पॉइंटमधील फट मोजावी. कारण फट वाढली, कीं पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगीही लवकर पडते. फट कमी झाली, कीं उलट. म्हणून आधीं फट, मग वेळ. रोटर बोटानें थोडा फिरवून सोडावा; तो स्प्रिंगनें मागें आला नाहीं, तर आंतील वजनें अडकलीं आहेत असें समजावें. मग प्लग काढून, पहिल्या सिलिंडरच्या भोंकावर अंगठा धरून इंजिन हातानें फिरवावें. हवा अंगठ्यास लोटूं लागली, म्हणजे दाबाचा फेरा आला. तेथें खुणेवर खूण आणावी. हा अंगठा विसरल्यास खूण जुळूनही वेळ पूर्ण एका फेरीनें चुकते. आतां १२ व्होल्टच्या दिव्याची एक तार डिस्ट्रिब्यूटरच्या बाहेरील बारीक तारेच्या जोडास व दुसरी इंजिनाच्या अंगास लावून किल्ली फिरवावी. डिस्ट्रिब्यूटर सैल करून हळूहळू फिरवावा. दिवा लागतो तोच पॉइंट उघडण्याचा क्षण. तेथेंच तो घट्ट आंवळावा. प्लगच्या तारा १-३-४-२ या क्रमानें आहेत, हेंही पाहावें.

आमच्या गाडीची फट पुस्तिकेंतील मापाच्या जवळजवळ दुप्पट निघाली. ती नीट करून, दिव्यानें वेळ लावून, पुढच्या रविवारीं त्याच चढावर गाडी नेली. खडखडाट नव्हता. तीर्थरूप मागें बसले होते. चढ संपल्यावर त्यांनीं कांच खालीं केली आणि मोडीचा विषय पुन्हां काढला नाहीं.

यंत्र अडलें, कीं त्याच्या वयाकडे बोट दाखविणें सोपें असतें. त्यापूर्वीं आपला हात शेवटीं कोठें लागला होता, हें आठवून पाहावें.