घरच्या भांड्यांचीही पावणी व्हावी

मराठीतला 'लिलाव' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. गंमत अशी की, ज्या गोव्यात ते साडेचारशे वर्षं राहिले, तिथे आपण देवळाच्या मंडपात लिलाव म्हणत नाही, पावणी म्हणतो.

पावणी आपल्या अंगवळणी पडली आहे. कोमुनिदादीच्या शेतांची पावणी व्हायची, मानशीच्या मासळीच्या हक्काची अजूनही होते. देवळातल्या पावणीची तर बातच सोडा! आरत्या संपल्या की देवापुढची फळं पुकारली जातात आणि साधा नारळ बाजारभावाच्या कितीतरी पट चढतो. वरच्या वाड्याने बोली वाढवली की खालचा वाडा गप्प राहत नाही. मागून कुणीतरी टोमणा मारतो आणि पुकारणारा 'दोन वार'वर मुद्दाम थांबतो.

मग जुनं घर मोडताना हीच पद्धत आपल्याला का आठवत नाही? तेव्हा दारात टेम्पो येतो. न्हाणीतलं तांब्याचं भाण किलोवर जातं, शिसवी खुर्च्या उक्त्या भावात जातात, आदोळी आणि रगडा तर फुकटच. घेणारा एकटा असला की भावही तोच ठरवतो. अंगणात पन्नास माणसं उभी असती तर?

बोलीने वाटणी करणं आपल्याला नवं नाही. इन्व्हेंटरीच्या कारवाईत वारस आपसांत बोली लावतात. पोर्तुगीज अमदानीतली ही रीत गोव्याच्या २०१२ च्या वारसाहक्क कायद्यातही टिकली आहे. पण सगळ्यांचं लक्ष घर, भाट आणि सोन्यावर. स्वयंपाकघर टेम्पोवाल्याच्या वाट्याला येतं.

लोक म्हणतील, भांडी अंगणात मांडली म्हणजे घराणं बुडालं असं दिसेल. अहो, टेम्पो भरताना शेजारी बघत नाहीत का? उलट पावणीत रगडा शेजारच्या घरात गेला तर तो कुणाचा होता हे गावाला ठाऊक राहतं. बाणावलीचं 'गोवा चित्र' संग्रहालय २००९ साली उभं राहिलं, ते लोकांनी टाकून दिलेली अवजारं आणि घरगुती वस्तू गोळा करून. ते काम मोठंच. पण प्रत्येक घरचं भाण एक संग्रहालय कुठे ठेवणार?

माझं ऐकाल तर एवढं करा. देवघरातलं बाजूला ठेवा. जुनी दफ्तरं आणि कागद पावणीला काढू नका, आधी पुराभिलेख खात्याला दाखवा. उरलेल्या वस्तूंवर पहिली बोली वारसांना लावू द्या, मग गावाला बोलवा. तांब्या-पितळेचा त्या दिवसाचा मोडीचा भाव आधीच जाहीर करा आणि बोली तिथून सुरू करा. टेम्पोवाल्यालाही येऊ द्या, पण चारजणांसारखी त्यानेही बोली लावावी.

आणि आलेल्या पैशातला थोडा वाटा देवळाला द्यायचं आधीच सांगून टाका. मग बघा, दोन वाडे एका भाणासाठी कसे भांडतात ते!