दुरुस्तीच्या पुढचा हक्क

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं तिच्यापुढे होती. वर्षअखेरीस कंपन्यांची माहिती एकत्र देणारं पोर्टलही सुरू झालं. सुटे भाग मिळावेत, मॅन्युअल मिळावं, बाहेरच्या कारागिराकडे वस्तू नेली म्हणून वॉरंटी बुडू नये, या मागण्या रास्तच आहेत. पण दुरुस्ती म्हणजे बिघडलेली वस्तू कंपनीने ठरवलेल्या स्थितीला परत नेणं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सोल्डरिंगची तार आणि कनेक्टर शोधत फिरणारी हौशी मंडळी त्याच्या पुढे जातात. चालू वस्तू उघडतात आणि कंपनीने कधी योजलंच नव्हतं असं काम तिच्याकडून करून घेतात. धोरणाच्या चर्चेत या मंडळींचं नावही निघत नाही, कारण हा रिकामपणचा उद्योग मानला जातो. मला हे फार चुकीचं वाटतं. विकत घेतलेली वस्तू बदलता येणं हा मालकीचाच भाग आहे, आणि जिथे तो शाबूत राहिला तिथे त्याचा फायदा हौशी माणसापुरता राहिलेला नाही.

लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राऊटरची हकीकत त्यासाठी नीट पाहावी. डिसेंबर २००२ मध्ये बाजारात आलेला हा निळा-काळा, मागे दोन अँटेना असलेला घरगुती डबा. पुढच्याच वर्षी सिस्कोने लिंक्सिस कंपनी विकत घेतली, आणि त्याच सुमारास काही प्रोग्रामरांच्या लक्षात आलं की या डब्यातलं फर्मवेअर, म्हणजे तो चालवणारा आतला प्रोग्राम, लिनक्सवर उभं आहे. लिनक्सच्या परवान्याची अट स्पष्ट आहे: त्यावर आधारलेला प्रोग्राम लोकांना दिलात, तर त्याचा सोर्स कोडही द्यायचा. कंपनीने तो दिला नव्हता. २००३ च्या मध्यात यावरून बरीच आरडाओरड झाली आणि अखेर कोड खुला करावा लागला. मग हौशी लोक कामाला लागले. डबा उघडायला स्क्रूसुद्धा काढावा लागत नसे. पुढच्या निळ्या भागावर दोन्ही अंगठे रोवून जोर दिला की तो सुटायचा. आत बोर्डावर कनेक्टर न बसवलेल्या भोकांची ओळ असायची. तिथे पिना सोल्डर केल्या की सिरियल पोर्ट हाती यायचा आणि राऊटर सुरू होताना काय काय करतो ते ओळीओळीने संगणकाच्या पडद्यावर दिसायचं. सोल्डरिंग न येणाऱ्यांसाठीही वाट निघाली. सेटिंगमध्ये पिंग करून पाहण्याचं एक पान होतं; तिथे आयपी पत्त्याच्या जागी आज्ञा लिहिली तर राऊटर ती पाळायचा. या फटीतून एक सेटिंग बदललं की दर वेळी सुरू होताना राऊटर काही सेकंद नव्या फर्मवेअरची वाट पाहत थांबे, त्यामुळे प्रयोग फसला तरी सहसा डबा कायमचा बाद होत नसे. २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. घरातल्या एकाच्या डाउनलोडमुळे दुसऱ्याचा फोनकॉल अडकू नये म्हणून लाइनची वाटणी करणं, दूरच्या ऑफिसशी सुरक्षित जोडणी, एका राऊटरकडून दुसऱ्याकडे बिनतारी सिग्नल पोचवणं, अशी एरवी महागड्या यंत्रांकडून होणारी कामं हा घरगुती डबा करू लागला.

यातून पुढे जे घडलं ते एकट्यादुकट्याच्या हौसेचं राहिलं नाही. पूर्व बर्लिनच्या काही भागांत जर्मनीच्या एकत्रीकरणानंतर ऑप्टिकल फायबर घातलं गेलं होतं, आणि टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून इंटरनेट देणारं, पुढे आलेलं डीएसएल त्यावर चालत नव्हतं. तिथल्या फ्रायफुंक या नागरिकांच्या चळवळीने असे राऊटर नव्या फर्मवेअरसह गच्च्यांवर बसवले आणि आपलं जाळं आपणच विणलं. आपल्याकडे २००५ च्या सुरुवातीला २.४ गीगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा झाला, आणि त्याच फेब्रुवारीत धरमशालेत सामुदायिक बिनतारी जाळं सुरू झालं. बाजारात मिळणारे घरगुती राऊटर थोडे बदलून, ऊन-पावसाला टिकतील अशा पेट्यांत घालून ते डोंगरउतारांवर बसवले गेले. एक ठिकाण वीज जाऊन बंद पडलं तर माहितीने दुसऱ्या वाटेने जावं, ही सोय या जाळ्यात होती; विजेचा भरवसा नसलेल्या डोंगराळ गावात तीच कामाची ठरली. घरातला राऊटर डोंगरावर जाऊन असं काम करेल, ही कल्पना विक्री विभागाच्या कोणत्याही कागदावर नव्हती. २००५ मध्येच लिंक्सिसने नव्या आवृत्तीतून लिनक्स काढलं आणि मेमरी निम्मी केली. ग्राहकांची नाराजी इतकी होती की कंपनीला जुन्या घडणीचा, लिनक्सवाला डब्ल्यूआरटी५४जीएल वेगळा काढावा लागला, आणि तो दहा वर्षांहून जास्त काळ विकला गेला. राऊटरच्या धंद्यात हे आयुष्य विलक्षण लांब आहे, आणि ते कंपनीला बदल करणाऱ्या लोकांनी मिळवून दिलं.

किनेक्टची गोष्टही त्याच दिशेची, फक्त वेगाने घडलेली. खेळणाऱ्याच्या हालचाली ओळखणारा हा कॅमेरा मायक्रोसॉफ्टने ४ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकेत आणला. ॲडाफ्रूट या सुट्या भागांच्या कंपनीने त्याचा खुला ड्रायव्हर लिहिणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं. मायक्रोसॉफ्टने बदल खपवून घेणार नसल्याची भाषा केली, तर ॲडाफ्रूटने बक्षिसाची रक्कम वाढवली, आणि आठवडा उलटायच्या आत हेक्टर मार्टिन या स्पॅनिश प्रोग्रामरने ते जिंकलं. महिना संपण्यापूर्वी कंपनीचा सूर बदलला होता आणि जून २०११ मध्ये तिने स्वतःच प्रोग्रामरांसाठी अधिकृत साधनं दिली. टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयात याच किनेक्टच्या मदतीने शल्यविशारद निर्जंतुक हात कशालाही न लावता, नुसत्या हाताच्या इशाऱ्याने रुग्णाचे स्कॅन पडद्यावर पाहू लागले. खेळण्याचा असा उपयोग सुचायला ते आधी कुणाच्या तरी टेबलावर मोकळं व्हावं लागतं.

यावर पहिला आक्षेप येतो चोरीचा: कुलूप उघडू दिलं की पायरेटेड गेम आणि सिनेमे येणार. हा आक्षेप पोकळ नाही. पण प्लेस्टेशन ३ चा इतिहास जरा वेगळं सांगतो. २००६ मध्ये आलेल्या या यंत्रावर लिनक्स चालवायची मुभा सोनीनेच दिली होती, आणि अमेरिकी हवाई दलाच्या संशोधकांनी शेकडो प्लेस्टेशन जोडून महासंगणक उभारला होता. एप्रिल २०१० मध्ये एका अपडेटने ही मुभा काढून घेतली. अपडेट नाकारलं तर ऑनलाइन खेळ बंद, स्वीकारलं तर लिनक्स बंद. पैसे दोन्हींचे मोजलेले. त्याच डिसेंबरात बर्लिनच्या परिषदेत फेलओव्हरफ्लो या गटाने दाखवून दिलं की सोनीच्या डिजिटल सहीत दर वेळी बदलायला हवी ती संख्या कायम तीच राहत होती, म्हणून गुप्त किल्ली गणिताने काढता येते. आम्हाला लिनक्स परत हवं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे चोरीचे गेम आले हे खरंच, आणि ते समर्थनीय नाही. तरीही दार उघडं असताना तीन वर्षांहून जास्त टिकलेलं कुलूप, दार लावल्यावर वर्षभरही टिकलं नाही. बदल करण्याची सरळ वाट ठेवली की कुशल माणसांना कुलपाशी झटण्याचं कारण उरत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो मी जास्त गांभीर्याने घेते. लिथियमच्या सेलशी खेळ जिवावर बेतू शकतो. संगणकाच्या पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर तीनशेहून अधिक व्होल्टला भारित होतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसाच राहू शकतो. नवशिक्याने या वाटेला जाऊच नये. बारा व्होल्टच्या ॲडॅप्टरवर चालणाऱ्या वस्तूंपासून सुरुवात करावी. पण धोका वाढतो तो माहिती दडवल्याने. जुन्या रेडिओच्या खोक्यात सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा. कुठे किती व्होल्ट आहेत ते तो उघडणाऱ्याला कळायचं. आजच्या वस्तूत तो नसतो, म्हणून लोक अंदाजाने हात घालतात. रेडिओलहरींचंही तसंच. राऊटरची ताकद मर्यादेपलीकडे वाढवली तर शेजाऱ्याच्या आणि इतर सेवांच्या लहरींत अडथळा येतो, आणि त्याला बंदी हवीच. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेने नेमक्या या कारणावरून टीपी-लिंकला दोन लाख डॉलर भरायला लावले; मात्र त्याच तडजोडीत बाहेरचं फर्मवेअर घालण्याची सोय ठेवण्याचं कबूलही करून घेतलं. लहरींवर नियंत्रण आणि वस्तूवर मालकी या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

सुरक्षिततेची दुसरी बाजूही आहे. ज्या पिंगच्या पानाने हौशी लोकांना आत घेतलं, तीच फट चोरालाही वाट देऊ शकत होती. कंपन्या स्वस्त राऊटरना काही वर्षांनी अपडेट देणं थांबवतात आणि डबा मात्र भिंतीवर चालूच राहतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये वायफायच्या डब्ल्यूपीए२ या संरक्षणातली क्रॅक नावाची त्रुटी जगजाहीर झाली, तेव्हा ओपनडब्ल्यूआरटीच्या परिवारातून काही दिवसांतच दुरुस्ती आली. उत्पादकाने सोडून दिलेल्या कितीतरी डब्यांना ती याच वाटेने मिळाली.

आपला कायदा या बाबतीत वाटतो त्यापेक्षा उदार आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेलं कलम ६५अ डिजिटल कुलूप तोडणं गुन्हा ठरवतं, पण ते हक्कभंगाच्या हेतूने केलं असेल तरच. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने कुलूप तोडण्यालाच बंदी घातली आणि दर तीन वर्षांनी सवलती मागायची पाळी आणली. बाहेरचे प्रोग्राम चालवण्यासाठी फोन मोकळा करण्याची मुभा तिथे २०१० मध्ये अशीच मागून मिळाली. आपल्याकडे गुन्ह्याची भीती कमी आहे, अडचण आहे ती कुलपाच्या किल्लीची. सेवा पुरवणाऱ्याने वापरायला दिलेला डबा त्याचाच, त्याला हात लावू नये. पण ज्याचं बिल ग्राहकाच्या नावावर आहे, त्या वस्तूला अपडेट देणं कंपनीने थांबवलं की त्याच दिवशी तिचा बूटलोडर, म्हणजे ती सुरू करणारा पहिला प्रोग्राम, उघडण्याची सोय आणि बोर्डावरच्या पिनांचा तक्ता द्यायला तिला बांधील करावं. दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल तयारच आहे; हा तक्ता ठेवायला तिथे आणखी एक पान लागेल.