सांदवाडीतील ससा

हिवाळा लागला की मूल, सिंदेवाही, आरमोरी या बाजूच्या गृहिणींची एक तक्रार ठरलेली असते. सांदवाडीत पेरलेली मेथी, पालक आणि सांबार दोन पानांवर येतात न येतात तोच एका रात्रीत नाहीशी होतात. कुंपण जागच्या जागी असते, आणि चोर मात्र जेवून गेलेला असतो. मुले ‘ससा, ससा’ म्हणून आनंदतात. वडील मंडळी काठी शोधतात.

काठी शोधण्यापूर्वी चोर कोण हे निश्चित करावे. न्यायग्रंथांत अशक्य वस्तूस ‘शशविषाण’ हा दृष्टान्त देतात. सशास शिंग नाही हे खरेच. पण दात आहेत, आणि ते वर-खाली दोन्हीकडे पुढेच आहेत. म्हणून त्याने खाल्लेले देठ चाकूने तिरके छाटल्यासारखे दिसते. चितळास वरचे पुढचे दात नसल्यामुळे त्याने तोडलेल्या देठाची कड फाटलेली असते.

सशासाठी जाळी हातभर जमिनीत पुरावी, असे विलायती पुस्तके सांगतात. तो उपदेश तिकडील बिळे खोदणाऱ्या सशांसाठी आहे; आपल्याकडील पाळीव पांढरे ससे त्याच कुळातले. आपल्या रानातला ससा बीळ करीत नाही. गवतात अंगापुरता खळगा करून तो दिवसभर निपचित बसतो. त्याची पिल्लेही उघड्या डोळ्यांनी व अंगावर केस घेऊनच जन्मतात. तेव्हा पुरण्याचे श्रम कशास? कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तशी, इंचाहून मोठी भोके नसलेली जाळी बांबूच्या कुंपणास आतून कमरेइतकी बांधावी आणि तळाचा वीतभर भाग बाहेर वळवून दगडांनी दाबावा. कुंपणालगतचे गवत कापून टाकावे. सापांच्या दृष्टीनेही ते बरे. नुसत्या बोरी-बाभळीच्या काट्यांवर आमचा विश्वास नाही.

आता थोडे कठोर बोलणे भाग आहे. कुंपणाच्या तारेत घरची वीज सोडण्याची रीत अत्यंत घातक आहे. १९८२ पर्यंत एकच असलेल्या आणि आता चंद्रपूर व गडचिरोली असे दोन झालेल्या या जिल्ह्यांत अशा तारेने वाघ मेले आहेत, तशी माणसेही मेली आहेत. मूठभर मेथीसाठी हा उद्योग? पहाटे परसात जाणाऱ्या आजीस त्या तारेची काय कल्पना! सौर कुंपणाचे यंत्र क्षणिक झटके देते, सलग प्रवाह सोडीत नाही. त्याची गोष्ट निराळी. फासा लावणेही नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. आणि रात्री कंदील घेऊन सशामागे धावणाऱ्या तरुणांस एवढेच सांगतो की, त्याच सशावर बिबट्याचाही डोळा असतो.

जाळी उत्तम होऊनही पुष्कळ ससे आत येतात ते फाटकाखालून. तेथे उंबऱ्यासारखी एक जाड फळी ठोकावी.