शितं अनेक, हंडी एकच

शाळेत समुपदेशक नेमला, पाचशे मुलांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि वर्षअखेरीस उदासी कमी झालेली दिसली. आणखी कसला पुरावा हवा? मुलं कुढत असताना संख्याशास्त्राचा कीस कशाला, असा टोमणाही सोबत येतो. या पूर्वपक्षात कळकळ आहे, पण पुरावा नाही.

आधी संख्येचं पाहू. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण ज्या हंडीतलं शित, त्याच हंडीची. एका शाळेतली मुलं त्याच शिक्षकांच्या हाताखाली, त्याच वस्तीच्या सुखदुःखात वाढतात. त्यांची उत्तरं एकमेकांकडे झुकतात. हा झुकाव, म्हणजे एकाच शाळेतल्या मुलांच्या उत्तरांमधला सहसंबंध, अवघा ०.०२ धरला आणि प्रत्येक शाळेत २०० मुलं मोजली, तर १ + (१९९ × ०.०२), म्हणजे सुटी सुटी मुलं निवडण्याच्या तुलनेत जवळपास पाचपट नमुना लागतो. दहा हजार मुलांची माहिती दोन हजारांच्या मोलाची ठरते. शाळा एकच असेल, तर फरक समुपदेशकामुळे पडला की शाळेमुळे, हे कितीही मुलं मोजून कळणार नाही. एकाच वर्गातली निम्मी मुलं निवडावीत, तर मधल्या सुट्टीत डब्याबरोबर सल्लाही वाटला जातो. म्हणून साऱ्या शाळेचं वातावरण बदलू पाहणाऱ्या कार्यक्रमात चिठ्ठ्या शाळांच्याच टाकाव्या लागतात.

‘आधी-नंतर’ची तुलना तर याहून फसवी. मूल समुपदेशकाकडे येतं ते बहुधा सर्वांत वाईट दिवसांत. त्यातली काही मुलं आपसूकही सावरतात. परीक्षेच्या तोंडावर मोजलं आणि सुट्टीनंतर पुन्हा मोजलं, तर श्रेय सुट्टीचं की सेवेचं?

उरला न्यायाचा आक्षेप: तुलनेच्या शाळांना वंचित का ठेवायचं? ठेवायचं नाहीच. सेवा सर्व शाळांना द्यावी, पण टप्प्याटप्प्याने, आणि आधी कोण हे चिठ्ठीने ठरवावं. एवीतेवी साऱ्या शाळांना एकाच दिवशी पुरतील इतके समुपदेशक असतात कुठे?

हा काथ्याकूट वाटत असेल, तर बिहारच्या नालंदा जिल्ह्यात गोव्याच्या ‘संगथ’ संस्थेने केलेला ‘सेहेर’ प्रयोग पाहावा. ७४ सरकारी माध्यमिक शाळांचे चिठ्ठीने पाडलेले तीन गट होते. एका गटात बाहेरून नेमलेले प्रशिक्षित समुपदेशक, दुसऱ्यात तेच काम करणारे शाळेतले शिक्षक, तिसऱ्यात पौगंडावस्था शिक्षणाचा नेहमीचा कार्यक्रम. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आले. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारलं, नैराश्याची लक्षणं आणि दादागिरी घटली. शिक्षकांच्या गटात मात्र फरक दिसला नाही. शिक्षकांचा वेगळा गट नसता, किंवा दोन-चार शाळांवरच भागवलं असतं, तर ‘शिक्षकांवरच सोपवा, पैसे वाचतील’ हा स्वस्त निष्कर्ष कुणीही काढला असता.

ब्रिटनमधल्या ‘मिरियाड’ प्रयोगाचा धडाही तोच. ८४ शाळा, आठ हजारांवर मुलं, वर्गात शिक्षकांनी शिकवलेली सजगता (माइंडफुलनेस). आणि २०२२ सालचा निकाल असा की नेहमीच्या भावनिक-सामाजिक शिक्षणापेक्षा ती सरस ठरली नाही. ही नामुष्की नव्हे. वेळापत्रकातला तास आणि तिजोरीतला पैसा कुठे घालू नये, हे कळणं हीदेखील मुलांचीच सेवा.

तेव्हा पुढच्या वेळी शाळेतल्या मानसिक आरोग्याच्या योजनेचा यशस्वी अहवाल हाती आला, तर मुलं किती हे नंतर विचारा. आधी विचारा, शाळा किती होत्या आणि चिठ्ठ्या टाकल्या होत्या का?